वाचक विचारतात : हाड भाजायचं ते किती?

गेल्या अंकात कृत्रिम हाडावर दोन पानं लिहिली होती. हाडात पोकळी राहिली की ती भरायला जे पांढरे दाणे किंवा ठोकळे वापरतात ते भट्टीत कसे तयार होतात, एवढाच विषय होता आणि खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की भट्टीबिट्टी कोण वाचतंय. पण पत्रं आली, मेल आल्या, एका डॉक्टरांनी तर चांगलं खडसावलंच, त्यांचा प्रश्नही खाली घेतलाय. दोघातिघांनी एकच विचारलं होतं ते एकत्र केलंय. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, भट्टीवाली आहे, त्यामुळे कुणाच्या पायात काय भरायचं ते मला विचारू नका, पण जे भरलंय ते कसं भाजलं असेल ते सांगू शकते.

प्रश्न : ताई, माझ्या आईच्या मांडीच्या हाडातली गाठ काढली आणि तिथे खड्डा राहिला म्हणून डॉक्टरांनी सिरॅमिकचे दाणे भरले. सिरॅमिक म्हणजे कपबशीचंच ना? ते हाडात कसं चालतं? आणि आयुष्यभर तसंच राहणार का?

नाव एक, जात वेगळी. कपबशी मातीची, आणि हे कॅल्शियम फॉस्फेट. आपल्या हाडाच्या वजनातला साधारण ६० ते ७० टक्के भाग खनिजाचा असतो आणि ते खनिज हायड्रॉक्सिअॅपेटाइटच्या कुळातलं, म्हणजे कॅल्शियम, फॉस्फेट आणि थोडं हायड्रॉक्सिल. हाडातलं जरा भेसळीचं असतं, त्यात ४ ते ८ टक्के कार्बोनेट, शिवाय मॅग्नेशियम, सोडियम वगैरे. प्रयोगशाळेत बनवतात ते त्याचं साफसूफ भावंड. म्हणून शरीर त्याला परका म्हणून हाकलत नाही, उलट हाडाच्या पेशी त्यावर येऊन बसतात.

आता हे बनतं ते पावडर म्हणून. फळ्यावर लिहायच्या खडूच्या चुऱ्यासारखी दिसते. साच्यात दाबली की गोळी होते, पण हातात धरली तर कडा झडतात आणि पाण्यात टाकली की बसकण मारते. ती तशीच हाडात भरली तर पेस्ट होऊन इकडेतिकडे जाईल. म्हणून भट्टी. साधारण ११०० ते १२५० डिग्रीला ती काही तास ठेवली की पावडर वितळत नाही, हे महत्त्वाचं, पण जिथे दोन कण एकमेकांना टेकलेत तिथे अणू हळूहळू सरकून दोघांना जोडणारी मान तयार होते, ती मान जाड होत जाते, मधल्या फटी बुजत जातात आणि सगळा तुकडा आकसून घट्ट होतो. याला सिंटरिंग म्हणतात. कुंभाराच्या आव्यात मडक्याचंही काहीसं असंच होतं, फक्त तिथे मातीतली थोडी काच वितळून कामाला मदत करते, इथे तशी काच नसते, सगळं काम घन अवस्थेतच.

राहणार का, हे कुठले दाणे भरलेत त्यावर. शुद्ध हायड्रॉक्सिअॅपेटाइट असेल तर ते वर्षानुवर्षं जागा सोडत नाही, एक्स-रेमध्ये पांढरं दिसत राहतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, नवं हाड त्याच्या छिद्रांत शिरून त्याला धरून बसतं. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असेल, डॉक्टर त्याला टीसीपी म्हणतात, तर ते काही महिने ते वर्ष-दोन वर्षांत विरघळत जातं आणि हाडाला जागा देतं. बऱ्याचदा दोन्हींचं मिश्रण असतं. आईंच्या कागदपत्रांत इम्प्लांटचं स्टिकर चिकटवलेलं असेल, त्यावर लिहिलेलं असतं, बघा. आणि एक, हे ठिसूळ असतं, हाडासारखं लवचिक नाही, तडा एकदा सुरू झाला की थांबत नाही. त्यामुळे डॉक्टर ‘वजन टाकू नका’ म्हणाले असतील तर ते दाण्यांच्या भरवशावर मोडू नका.

प्रश्न : मी एम.एस्सी.ला आहे, प्रोजेक्टसाठी हायड्रॉक्सिअॅपेटाइट बनवलं. पावडर पांढरीशुभ्र होती, भट्टीतून बाहेर आलं ते फिकट निळं! गाइड म्हणतात क्रूसिबल घाण होतं. मी तीनदा धुतलं होतं. फेकून देऊ का?

नको गं फेकूस. क्रूसिबलचा, म्हणजे भाजायच्या भांड्याचा, काही दोष नाही, तुझाही नाही. हा निळा रंग मँगनीजचा. कॅल्शियमच्या कच्च्या मालात मँगनीज अगदी चिमूटभर, पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत काही भाग, असतंच, आणि ते पांढऱ्या पावडरीत गुपचूप बसलेलं असतं. हवेत तापवलं की त्याचं ऑक्सिडेशन होऊन ते पाच धन भाराच्या रूपात फॉस्फरसच्या जागेवर जाऊन बसतं आणि तिथून निळा रंग दाखवतं. म्हणजे रंग भट्टीत आला, पण मँगनीज बाटलीतूनच आलं होतं. जास्त शुद्ध कच्चा माल घेतलास तर पांढरं निघेल. माझ्याकडे एका बॅचच्या गोळ्या एवढ्या सुंदर आकाशी निघाल्या होत्या की एक अजून टेबलावर ठेवलीये.

पण खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची घे, जी डोळ्यांना दिसत नाही. तुझं कॅल्शियम-फॉस्फरसचं गुणोत्तर काय आलं? लिहिलं नाहीस. हायड्रॉक्सिअॅपेटाइटमध्ये ते १.६७ असायला लागतं. कच्ची पावडर या बाबतीत लबाड असते, गुणोत्तर थोडं इकडेतिकडे असलं तरी एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीत, ती हायड्रॉक्सिअॅपेटाइटच दिसते, आलेखातले पीक, म्हणजे उंचवटे, पसरट असतात, सगळं झाकलं जातं. भट्टी ते उघड करते. कॅल्शियम कमी पडलं असेल तर ७००-८०० डिग्रीच्या पुढे त्यातला काही भाग टीसीपी होऊन वेगळा निघतो. आणि कॅल्शियम जास्त झालं असेल तर निघतो चुना, कॅल्शियम ऑक्साइड, आणि तो वैताग आहे.

माझंच सांगते. नवीन होते तेव्हा चाळीस गोळ्या भाजल्या, कडक, टणटणीत, नखाने वाजवल्या की काचेसारखा आवाज. शुक्रवारी ट्रेमध्ये मांडून गेले, पावसाळा होता. सोमवारी येऊन बघते तर अर्ध्या गोळ्यांना केसासारखे तडे आणि तीन-चार तर बोट लावलं की भुगा. मला वाटलं कुणी ट्रे पाडला, मी सगळ्यांवर चिडले पण. कुणी नव्हता पाडला. फॉस्फरिक अॅसिड मोजताना मी कमी घातलं होतं, त्यामुळे कॅल्शियम जास्त झालं, भट्टीत चुना झाला आणि दोन दिवस हवेतलं पाणी ओढून तो फुगत बसला. चुन्याला पाणी लागलं की त्याचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं, मग आतून गोळी फुटणारच. हे हवेत झालं म्हणून बरं, शरीरात झालं असतं तर फुटणं आणि वर आजूबाजूला अल्कली.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, तू पण लाव. भाजलेली एक गोळी फोड, ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाक. गुलाबी झालं तर चुना आहे, एक्सआरडीची रांग लावायची गरजच नाही, पहिल्यापासून सुरू कर. गुलाबी नाही झालं तर मग एक्सआरडी. तांब्याच्या क्ष-किरण नळीवर हायड्रॉक्सिअॅपेटाइटचा मोठा पीक ३१.८ डिग्रीला येतो, बीटा टीसीपीचा ३१.० ला आणि चुन्याचा ३७.४ ला. कच्च्या पावडरीचा एक्सआरडी काढून ‘प्युअर आहे’ लिहू नकोस, १००० डिग्रीला काही तास भाजून मग काढ, मानकांतही गुणोत्तर तपासायला असंच भाजून बघतात.

आणि गाइडना सांग, अमेरिकन मानकात या मालातल्या शिशाला ३० पीपीएम, आर्सेनिकला ३, कॅडमियम आणि पारा प्रत्येकी ५ अशी वरची मर्यादा दिलीये. चिंता त्या आकड्यांची करायची, निळ्या रंगाची नाही.

प्रश्न : बीटा टीसीपीचे ठोकळे करतोय. ताकद यावी म्हणून १२५० ला भाजले तर एक्सआरडीत अल्फा निघालं आणि ठोकळ्यांना तडे. १०५० ला भाजले तर मऊ राहतात. काय करू?

तुझं दुखणं टीसीपीवाल्या प्रत्येकाचं आहे. साधारण ११२५ डिग्रीला बीटाचं अल्फा, म्हणजे त्याच टीसीपीचं वेगळ्या रचनेचं स्फटिक, व्हायला लागतं. बीटाची घनता ३.०७ आणि अल्फाची २.८६, म्हणजे तेवढंच वजन सातेक टक्के जास्त जागा मागतं. तुकडा एकीकडे सिंटरिंगने आकसायला बघतोय आणि तेवढ्यात आतले दाणे फुगायला लागले, तडे जाणार नाही तर काय. वर अल्फा पाण्यात पटापट विरघळतं, त्यामुळे जो ग्राफ्ट, म्हणजे हाडात भरलेला तुकडा, वर्षभर टिकायचा तो आधीच ढेपाळतो.

मग ११०० च्या आत राहून घट्टपणा आणायचा. पहिली गोष्ट, पावडर बारीक कर, बॉल मिलमध्ये जास्त वेळ दे, बारीक कण कमी तापमानाला चिकटतात. तापमान वाढवण्याऐवजी वेळ वाढव. दुसरी गोष्ट, थोडं मॅग्नेशियम. ते बीटाच्या स्फटिकाच्या जाळीत जाऊन बसतं आणि अल्फा व्हायचं तापमान वर ढकलतं, मग तुला थोडी मोकळीक मिळते. तिसरी, भट्टी थंड करताना घाई नको, १२०० वरून ९०० पर्यंत हळू उतरलास तर झालेलं अल्फा बरंचसं परत बीटा होतं, पण तडे गेले ते गेलेच, ते काही बुजत नाहीत. म्हणून मुळात वर जाऊच नये.

गंमत म्हणजे दुसऱ्या टोकाला असे लोक बसलेत ज्यांना अल्फाच हवंय. हाडाचं सिमेंट, जे ऑपरेशनमध्ये कालवून पेस्ट म्हणून भरतात आणि ते शरीराच्या तापमानाला आत घट्ट होतं, त्यातल्या बऱ्याच प्रकारांत अल्फा टीसीपी असतं. ते लोक मुद्दाम १२५०-१४०० पर्यंत नेतात आणि लालबुंद माल झटकन बाहेर काढून गार करतात, परत बीटा व्हायला वेळच देत नाहीत. त्यांना ते विरघळायलाच हवं, विरघळलं की हाडासारखे स्फटिक होऊन जमतं. तुझा फसलेला माल त्यांचा पास झालेला माल.

प्रश्न : मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे. तुम्ही गेल्या अंकात ‘मिश्र फॉस्फेटचे दाणे’ एका वाक्यात उरकलेत. मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे वापरले, दोन्हींवर ६० टक्के हायड्रॉक्सिअॅपेटाइट, ४० टक्के टीसीपी असंच लिहिलेलं. एकात हाड छान भरलं, दुसऱ्यात वर्षाने पण दाणे जसेच्या तसे. पेशंट सारखेच होते असं म्हणणार नाही, पण तरी. यात भट्टीचा काही संबंध आहे का, की मी उगाच शोधतोय?

सर, उरकलं खरं, चूक मान्य. आणि उगाच नाही शोधत आहात. तुमच्या पेशंटबद्दल मी बोलू शकत नाही, पण ६०/४० हे फक्त मिश्रण सांगतं, ते किती भाजलंय हे सांगत नाही, आणि सगळा फरक तिथेच असतो.

आधी हे मिश्रण कसं होतं ते. बऱ्याच लोकांना वाटतं दोन पावडरी कालवतात. तसंही करतात, पण चांगली पद्धत म्हणजे सुरुवातीलाच कॅल्शियम थोडं कमी असलेलं अॅपेटाइट बनवायचं, गुणोत्तर १.६० च्या आसपास, आणि भट्टीत ते आपणहून दोन भागांत फुटतं, ६० टक्के हे, ४० टक्के ते. दोन्ही एकाच दाण्यात एकमेकांत गुंतलेले. म्हणजे आकडा ठरतो रसायनात, भट्टी तो फक्त बाहेर काढते. त्यामुळे ११०० ला भाजा नाहीतर १२०० ला, एक्सआरडीत ६०/४० च येणार, आणि डब्यावरचा मजकूर दोघांचाही खरा.

आता छिद्रं. या दाण्यांत दोन प्रकारची छिद्रं असतात आणि दोघांचा धनी वेगळा. मोठी छिद्रं, १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरची, बहुधा ३०० ते ५०० ची, ती आम्ही मुद्दाम पाडतो. मेणाचे किंवा प्लॅस्टिकचे मणी मिसळायचे आणि जाळून टाकायचे, नाहीतर स्पंज पावडरीच्या पातळ घोळात बुडवायचा, पिळायचा आणि स्पंज जाळून टाकायचा, ही १९६३ च्या पेटंटमधली युक्ती अजून चालते. त्या छिद्रांतून रक्तवाहिन्या आणि हाड आत शिरतं. ही भट्टीच्या तापमानाने फारशी हलत नाहीत.

दुसरी बारीक, १० मायक्रॉनच्या आतली, खरं तर एखाद-दोन मायक्रॉनची, भिंतीतली. ती कुणी पाडत नाही, कणाकणांत मान धरली पण फट पूर्ण बुजली नाही म्हणून ती उरतात. म्हणजे ती अर्धवट भाजल्याची खूण. ११५० ला थांबलात तर ती भरपूर राहतात, १३०० ला नेलं तर बहुतेक बुजून जातात, आतले कण मोठे होतात, भिंत चिनीमातीसारखी गुळगुळीत. मायक्रोस्कोपखाली दोन्ही शेजारी ठेवले तर लहान मूल पण सांगेल कुठलं काय. कमी भाजलेला म्हणजे खडबडीत, लाखो गोल गोल कण एकमेकांना जेमतेम धरून बसलेले. जास्त भाजलेला म्हणजे फरसबंदी. आतला पृष्ठभाग किती पटींनी कमी झाला असेल बघा, आणि विरघळणं, प्रथिनं चिकटणं, पेशींनी पकड घेणं, सगळं त्या पृष्ठभागावर चालतं.

यातला सगळ्यात बोलका प्रयोग शेळ्यांवरचा. २००० नंतरच्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हेच मिश्र फॉस्फेट एक ११५० ला आणि एक १३०० ला भाजून शेळ्यांच्या पाठीच्या स्नायूत ठेवलं. स्नायूत, हाडात नाही, जिथे हाड व्हायचं काही कारणच नाही. कमी भाजलेल्याने स्नायूत हाड धरायला लावलं आणि जास्त भाजलेला मागे पडला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी झोप उडाली होती, कारण तोवर आमच्याकडे घनता ९८ टक्के आली की आम्ही मिरवायचो! सगळं शिक्षणच असं की फट म्हणजे दोष, आणि इथे फट हेच काम करणारं.

मग सगळेच कमी का भाजत नाहीत? कारण कमी भाजलेला दाणा चिमट्यात चुरतो. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन चमच्याने ठासून भरतात, त्यात भुगा झाला तर बारीक कण सुटतात आणि शरीर त्यांच्यावर चवताळतं. जोर सहन करायचा तर जास्त भाजायला लागतं. कंपनी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभी असते, आणि नेमकं कुठे ते डब्यावर लिहिलेलं नसतं. तुम्ही विक्रीवाल्याला तीन गोष्टी विचारा : एकूण सच्छिद्रतेत बारीक छिद्रांचा वाटा किती, एका ग्रॅमला पृष्ठभाग किती चौरस मीटर, आणि सिंटरिंगचं तापमान काय. तिसऱ्याला ‘ते गोपनीय आहे’ म्हणतील, पण पहिल्या दोनवरून अंदाज येतो. आणि काहीच नसेल तर एक दाणा पाण्याच्या थेंबावर ठेवून बघा. कमी भाजलेला थेंब गटकन आत ओढतो, फरसबंदीवाला ओला होऊन बसून राहतो. हा काही शास्त्रीय पुरावा नाही, पण मी आजही पाकीट उघडलं की आधी हेच करते.

प्रश्न : जबड्याच्या स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरवर सिरॅमिकचा तुकडा काढला, भाजल्यावर लहान झाला, बसतच नाही. किती मोठा काढायचा?

गणित सोपं आहे. प्रिंट केलेल्या तुकड्यात, बाइंडर, म्हणजे पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ, गेल्यावर, साधारण निम्मीच जागा पावडरीने भरलेली असते. भाजून ती ९७ टक्क्यांवर नेलीस तर प्रत्येक बाजू विसेक टक्क्यांनी आकसते, १० मिलिमीटरचे ८ होतात. म्हणजे स्कॅनच्या सव्वापट काढायचा. पण हा आकडा पाठ करू नकोस, तुझ्या पावडरीचा, तुझ्या तापमानाचा वेगळा असेल, आणि उभ्यात आणि आडव्यात सारखा पण नसतो कारण थर एकावर एक बसलेले असतात. छोटे घन प्रिंट करून, भाजून, तिन्ही बाजू मोज आणि तिन्हींना वेगळा आकडा लाव. बारीक छिद्रं ठेवायची असतील तर आकसणं कमी, तेही धर.

तडे जात असतील तर ते वरच्या तापमानाला जात नाहीत, खालच्या तापमानाला जातात. २०० ते ६०० डिग्रीमध्ये बाइंडर जळून वायू होऊन बाहेर पडत असतो, तिथे मिनिटाला अर्धा ते एक डिग्री एवढ्याच चालीने जा. कंटाळवाणं आहे, रात्र जाते, पण घाई केली की वायू वाट फोडून निघतो.

प्रश्न : एवढा खटाटोप कशाला? प्राण्याचं हाड जाळलं की तेच खनिज उरतं ना?

उरतं, आणि तसे ग्राफ्ट बाजारात आहेतही, गाईबैलांच्या हाडाचे. हाड तापवलं की ३००-४०० ला आतलं कोलॅजन कोळसा होऊन काळं पडतं, मग करडं, आणि ७००-८०० च्या पुढे पांढरं. काही कंपन्या ३०० च्या आसपासच थांबतात आणि बाकीची सफाई रसायनांनी करतात, त्यामुळे हाडाचे मूळ बारीक स्फटिक आणि कार्बोनेट शाबूत राहतं. काही १००० च्या वर नेतात, जंतू, प्रथिनं, प्रिऑन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) वगैरे कशाचीच शंका राहू नये म्हणून, पण मग कार्बोनेट उडून जातं, स्फटिक मोठे होतात आणि ते जवळजवळ शुद्ध हायड्रॉक्सिअॅपेटाइटसारखं वागतं. हाड तेच, भट्टी वेगळी. छिद्रांची जाळी मात्र निसर्गाने केलेली मिळते, ती आम्हाला स्पंज जाळून पण तितकी चांगली जमत नाही. १९७४ मध्ये तर समुद्रातलं पोवळं घेऊन, सुमारे २६० डिग्री आणि हवेच्या हजारेक पट दाबाखाली पाण्यात ठेवून त्याचं कार्बोनेटचं हायड्रॉक्सिअॅपेटाइट केलेलं आहे, जाळी जशीच्या तशी. ‘खटाटोप कशाला’ म्हणणाऱ्याला ते वाचायला द्यावं.

प्रश्न : १२०० डिग्रीला भाजल्यावर जंतू उरतील का? मग पुन्हा स्टरलाइझ का करतात?

भट्टीत एकही उरत नाही. पण भट्टीतून काढल्यावर दाणे फोडतात, चाळतात, धुतात, पाकिटात भरतात, त्यात हात, हवा, पाणी सगळं येतं. म्हणून सीलबंद पाकिटावर गॅमा किरण, बहुतेक २५ किलोग्रे (किरणांच्या मात्रेचं माप). जंतूंच्या भिंतीचे उरलेले तुकडे, ज्याने ताप येतो, ते गॅमाने जात नाहीत, त्यासाठी २५० डिग्रीला अर्धा तास कोरडी उष्णता द्यावी लागते, ती पॅकिंगच्या आधी. तेव्हा उष्णता आहेच, फक्त वेगळ्या ठिकाणी.

प्रश्न : भट्टीच्या डिस्प्लेवर १२०० दिसतं, दोन बॅच एकाच प्रोग्रॅमने केल्या, तरी एक घट्ट, एक मऊ. पावडर एकच. माझं डोकं चालेना.

डिस्प्ले सांगतो तो थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेच्या, टोकाचा आकडा, तुझ्या गोळीचा नाही. टोक वर छतापाशी असतं आणि तू गोळ्या दारापाशी ठेवल्या असशील तर तिथे बरंच कमी असू शकतं, शिवाय थर्मोकपल वर्षानुवर्षं तापून म्हातारं होतं आणि खोटं बोलायला लागतं. ट्रे भरगच्च भरला की मधल्यांना उशिरा ऊब पोचते. आमच्याकडे एकदा असंच महिनाभर भांडण चाललं होतं, पावडरवाले भट्टीवाल्यांना, भट्टीवाले पावडरवाल्यांना. शेवटी तापमान मोजायच्या सिरॅमिकच्या रिंगा आणल्या, त्या ठराविक उष्णतेला ठराविक आकसतात, भाजल्यावर मायक्रोमीटरने व्यास मोजायचा आणि तक्त्यात बघायचं. पाच ठेवल्या, चार कोपरे आणि मध्य. मागच्या उजव्या कोपऱ्यातली आणि दारापाशी डावीकडची यांत ४० डिग्रीचा फरक निघाला. दाराची विटांची कड झिजली होती, त्यातून हवा येत होती आणि आम्ही तिकडे एक्सआरडी काढत बसलो होतो. तू पाच रिंगा ठेव, पुढच्या बॅचला गोळ्यांवर पेन्सिलने नाही, कोरून नंबर टाक, पेन्सिल जळून जाते, आणि कुठली गोळी कुठे होती ते वहीत लिही.